तिसऱ्या वचनाचा मान

आमच्या मंडळीत भांडणांचा हंगाम लेंताबरोबर सुरू होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रभूच्या दुःखसहनाचे दिवस, उपास, प्रार्थना, म्हणजे सगळं कसं शांत असेल. त्यानं एकदा आमच्या पंच कमिटीच्या बैठकीला येऊन बसावं. चहा येईपर्यंत तरी टिकतो का बघू.

कारण असं की उत्तम शुक्रवारी, म्हणजे कॅलेंडरवाले ज्याला गुड फ्रायडे म्हणतात त्या दिवशी, आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर खिळलेल्या प्रभूनं जे सात उद्गार काढले, त्यांना आम्ही सात वचनं म्हणतो. एकेका वचनावर मंडळीतला एकेक जण बोलतो, मधे गीत होतं, मग पुढचा उठतो. वर्षातले बाकीचे रविवार मी पुलपीटवरून, म्हणजे उपदेशाच्या ओट्यावरून, बोलतो आणि लोक सोसतात. या एका दिवशी लोक बोलतात आणि मी सोसतो. हा दिवस मला मनापासून आवडतो, पण त्याच्या आधीचा महिना देव शत्रूवरही आणू नये असा असतो.

वचनं कुणी बोलायची ते पाळकानं ठरवायचं, असा नियम आहे. मी पाळक म्हणून कोल्हापुरात नवा आलो तेव्हा हौसेनं ठरवायलाही बसलो. मग कळलं, ती आधीच ठरलेली आहेत. क्षमेचं पहिलं वचन एका घराण्याकडे, चोराला स्वर्गाचा शब्द देणारं दुसऱ्याकडे, असं बापाकडून मुलाकडे चालत आलेलं. माझा जन्म मलकापूरच्या पलीकडच्या एका वाडीतला. तिथं जत्रेत पहिला नारळ कुणाचा आणि पालखीला पुढचा खांदा कुणाचा, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आमच्या आज्या-पणज्यांनी धर्म बदलला, सणवार बदलले, पण मान तेवढा गाठोड्यात बांधून बरोबर आणला. मी तेव्हा मुकाट्यानं वही मिटली आणि आहे तसं चालू दिलं.

या सगळ्यांत मोठा मान तिसऱ्या वचनाचा. प्रभूनं मरता मरता आपल्या आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या पदरात घातलं, आणि शिष्याला आईच्या, ते हे वचन. ते गुरुजींकडं होतं. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ऐंशीच्या घरातले, पांढरंशुभ्र धोतर आणि काळा कोट घालणारे मंडळीतले शेवटचे गृहस्थ. त्यांच्या आधी त्यांचे वडील याच वचनावर बोलत. गुरुजींचं भाषण दरवर्षी तेच असे. प्रभूच्या आईपासून सुरू होऊन स्वतःच्या आईवर यायचं, तिथून सासू-सुनांवर जायचं, आणि ज्या वाक्यावर बायका डोळे पुसत त्याच वाक्यावर दरवर्षी पुसत. पोरांना ते पाठ होतं. मागच्या बाकांवर ओठ हलताना मी पाहिलेत. पण बोलायचे मात्र सुरेख. मला गुरुजी फार आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्यावर बराच तापणार आहे.

आता अक्का. शिवाजी पेठेत, घराच्या पुढच्याच खोलीत तिचं शिलाईचं दुकान आहे. तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सी ती शिवते. सामन्याच्या दिवसांत तिच्या दुकानात एका बाजूला एका तालमीचे रंग आणि दुसऱ्या बाजूला हाडवैरी तालमीचे रंग लटकलेले असतात, आणि दोन्हीकडची पोरं तिच्यासमोर गरीब गायीसारखी उभी असतात. कारण तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा होता, तालमीकडून खेळायचा, मधल्या फळीत. काही वर्षांपूर्वी राधानगरीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि तो गेला. त्याचं दफन मीच केलं. त्या दिवशी माझ्या तोंडून प्रार्थना नीट निघाली नव्हती.

त्या मुलाचा एक जिवलग मित्र होता, त्याच संघाचा गोलकीपर. दोन गल्ल्या पलीकडं राहणारं मुसलमान कुटुंब, बाप पूर्वीच वारलेला, अम्मी आणि दोन भाऊ. थोरला मलकापूरला गॅरेज चालवतो, हा धाकटा उद्यमनगरात लेथवर काम करतो. आता तिशी ओलांडलेला, दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा उंच. मित्र गेल्यापासून हा रोज दुपारी अक्काकडं जेवतो. गॅसची टाकी आणतो, मशीनला तेल घालतो, तिचं लाइटबिल भरतो आणि वर तिच्या शिव्याही खातो. पेठेला आता त्यात काही नवल वाटत नाही.

त्या लेंतात मी माझा काळा झगा घेऊन अक्काकडं गेलो. उत्तम शुक्रवारी तो घालावा लागतो आणि त्याची खालची पट्टी सुटली होती. तिनं तो उजेडात धरून पाहिला.

“पाळकसाहेब, पट्टी न्हाय, अख्खा झगाच बदलाय पायजे.”

“पुढच्या वर्षी बघू.”

“गेल्या साली बी हेच म्हणलावता.”

तिनं सुई ओवली आणि मान खाली घालूनच विचारलं, “एक सांगा की. तिसऱ्या वचनात त्यो शिष्य हाय न्हवं, त्येची सोताची आई जित्ती होती का तवा?”

मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं, पण असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. “बघून सांगतो,” म्हणालो आणि झगा तिथंच टाकून घरी आलो. आमच्या पाळकीणबाई, म्हणजे माझी बायको, संध्याकाळचा चहा घेऊन बसल्या होत्या. मी प्रश्न सांगितला. दोघांनी मिळून चारही शुभवर्तमानं समोर पसरली. चहा निवला. मग तिनंच एका ओळीवर बोट ठेवलं. वधस्तंभावरचं ते मरण पाहत ज्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यात एक आई होती, जिचे दोन मुलगे प्रभूच्या मागं गेले होते. आमच्या परंपरेनुसार तो लाडका शिष्य म्हणजे त्या दोघांतलाच एक.

“अहो,” ती म्हणाली, “म्हणजे हिच्यादेखत हिचा मुलगा दुसरीला दिला.”

इतकी वर्षं हे वचन मी वाचलं, ऐकलं, त्यावरची गीतं म्हटली, आणि त्या गर्दीत उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या बाईकडं एकदाही पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की मी तशीच स्कूटर काढली आणि पुन्हा पेठेत गेलो. अक्का दुकान बंद करत होती. मी दारातूनच सांगितलं, “होती. जिवंत होती आणि तिथंच उभी होती.”

अक्कानं अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर ढकललं. मग म्हणाली, “मला वाटलंच. मग औंदा तिसरं वचन मला द्या.”

तेव्हा तिनं सांगितलं. गोलकीपरची अम्मी, जिला ती भाभी म्हणते, तिचे गुडघे गेलेत. मे महिन्यात थोरला तिला कायमची मलकापूरला नेणार. धाकटा कामासाठी इथंच राहणार. भाभी सहज म्हणाली होती, त्याच्या जेवणाची मला काळजी नाही, तो तुझ्याकडं जेवतोच. “त्या बाईचं उपकार मला एकदा तरी तोंडानं म्हणायचं हायत,” अक्का म्हणाली. “घरात म्हणाय गेलं तर ‘गप गं’ म्हणत्या आनि उठून जात्या. तिथं वर उभं राहून बोलले तर तिला गप म्हणता येणार न्हाय. ती गेल्यावर मी कुणाला सांगू?”

मी शब्द दिला. देताना मला गुरुजींची आठवण आली नाही, असं नाही. आली, पण मी ती बाजूला ढकलली.

पंच कमिटीची बैठक रविवारी उपासनेनंतर झाली. सात माणसं, एक टेबल, फरसाणाची एक प्लेट. मी तिसऱ्या वचनाचा विषय काढला आणि गुरुजींनी हातातला कप खाली ठेवला.

“अहो पाळक, बायकांनी वचन बोलल्याचं आपल्या मंडळीत कधी झालेलं नाही.”

“त्या वचनात प्रभू बाईशीच बोलतोय, गुरुजी.”

“बाईशी बोलतोय. बाई बोलत नाही. ती वधस्तंभाखाली उभी आहे.”

अक्काला बैठकीला बोलावलेलं नव्हतं. पण आमच्या कमिटीची खोली आणि चर्चचा व्हरांडा यांच्यामध्ये एक खिडकी आहे आणि ती कधीच बंद होत नाही. खिडकीतून आवाज आला, “उभी हायच की. कवाधरनं उभीच हाय. आनि गडी कुठं होतं तवा, गुरुजी? एक सोडला तर सगळं पळालेलं.”

दोन पंचांनी फरसाणात तोंड लपवलं. गुरुजींचा चेहरा लाल झाला. ते शिकलेले गृहस्थ, मोठ्यानं बोलले नाहीत. म्हणाले, “ठीक आहे. मग चिठ्ठ्या टाकू. प्रेषितांनी टाकल्या होत्या. चिठ्ठीत जे येईल ते मला मान्य.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. तोवर खिडकीतून पुन्हा आवाज, “वधस्तंभाखाली चिठ्ठ्या शिपायांनी टाकल्या, त्येच्या कपड्यावर. मी न्हाय टाकत.”

मग मात्र एकच कल्ला झाला. एक पंच म्हणाला, ही बाई उद्या प्रभुभोजनाचा द्राक्षारसही वाटेल. दुसरा म्हणाला, वाटला तर काय बिघडलं, तुझ्यासारखं सांडणार तरी नाही. तिसऱ्यानं तीस वर्षांपूर्वीचं चर्चच्या छपराचं भांडण उकरून काढलं, ज्याचा कशाशी काही संबंध नव्हता. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, फरसाणाची प्लेट उडाली, आणि मी म्हणालो, वचन पाळकानं वाटायचं असा नियम आहे आणि मी तिसरं वचन अक्काला दिलंय. गुरुजी शांतपणे उठले. “मग त्या दिवशी माझी गरज नाही,” म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले. बाहेर कडक ऊन होतं. त्यांनी छत्री उघडलीच नाही.

घरी आल्यावर पाळकीणबाई म्हणाल्या, “तुमचं बरोबर होतं, पण आवाज चुकीचा होता.” मी दोन दिवस तिच्याशीही बोललो नाही. माणूस पाळक असला म्हणून रुसू नये असं कुठं लिहिलेलं नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, दुपारी मी गुरुजींच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात बसले होते. पत्नी वारल्यापासून एकटेच असतात, एकुलता मुलगा ऑस्ट्रेलियात. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची पुढं केली, आणि क्रिकेटचा विषय काढला. मीही बराच वेळ क्रिकेट बोललो. शेवटी तेच म्हणाले, “ती बोलणार तरी काय आहे?”

“तिनं मला एक प्रश्न विचारला, गुरुजी. त्या शिष्याची स्वतःची आई तिथं होती का म्हणून.”

गुरुजींनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ते मनातल्या मनात त्या बायकांची नावं मोजत होते, त्यांना सगळं पाठ आहे. मग डोळे उघडून म्हणाले, “होती.”

“होती.”

“माझ्या वडिलांना हे सुचलं नाही. मलाही नाही.” मग एकदम म्हणाले, “माझ्या मुलाला तिथं सुरुवातीला एका म्हातारीनं वर्षभर जेवायला घातलं. घरमालकीण होती. फोटो पाठवला होता त्यानं. मी तिला साधा एक निरोप नाही धाडला.” निघताना विचारलं, “शुक्रवारी येणार ना?” ते म्हणाले, “ऊन फार असतं हो हल्ली,” आणि आत गेले.

शुक्रवारी ऊन खरंच फार होतं. पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. लोक उपाशी, पांढऱ्या कपड्यांत, बायका हातातल्या गीतांच्या पुस्तकानं वारा घेत बसलेल्या. चर्च गच्च भरलं होतं, कारण खिडकीतून जे ऐकू गेलं होतं ते पेठेपर्यंत पोचलं होतं. शेवटच्या बाकावर भाभी बसली होती, डोक्यावर ओढणी, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारी तिचा उंच मुलगा अंग चोरून. अक्कानं त्यांना काय सांगून आणलं होतं देव जाणे. गुरुजींची पहिल्या बाकावरची जागा मोकळी होती. त्या जागेवर दुसरं कोणी बसायला धजलं नव्हतं.

पहिलं वचन झालं, गीत झालं. दुसरं झालं, गीत झालं. मी तिसऱ्यासाठी उठलो. खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. पुलपीटची पायरी चढताना माझी नजर सारखी त्या मोकळ्या जागेकडं जात होती. तेवढ्यात दारात हालचाल झाली. धोतर, काळा कोट, हातात मिटलेली छत्री. गुरुजी मधल्या वाटेनं सरळ चालत आले, आपल्या जागेजवळ थांबले नाहीत, तसेच पुढं आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मला वाटलं, आता हे आपलं भाषण सुरू करणार, आणि मी काळ्या झग्यात उभा असताना ऐंशीच्या माणसाचा हात धरून त्याला खाली कसा उतरवू?

गुरुजी लोकांना म्हणाले, “तिसरं वचन आमच्या घरचा मान. माझ्या वडिलांनी तो मला दिला. आज मी तो माझ्या हातानं देतोय. कुणी काढून घेतलेला नाही, मी दिलाय, एवढं सगळ्यांनी ध्यानात ठेवा.” मग ते अक्काकडं वळले. ती पहिल्या रांगेच्या टोकाला उभी होती, तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. “ये गं वर,” ते म्हणाले. “आणि लवकर आटप. तिसरं वचन लांबलं की पाचव्यापर्यंत लोकांनाच तहान लागते, हा माझा अनुभव आहे.”

पाचवं वचन प्रभूच्या तहानेचं. उत्तम शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये कोणी हसत नाही. त्या दिवशी हसले. गुरुजी खाली उतरून आपल्या जागेवर बसले आणि अक्का वर चढली.

“दरसाली आपण ऐकतो,” ती म्हणाली, “प्रभूनं आपली आई त्या शिष्याच्या पदरात घातली. लई भारी वाटतं ऐकाय. पर तिथं त्या शिष्याची बी आई उभी होती. तिला कुणी इचारलं? तुझं पोरगं आजधरनं हिचं बी हाय, चालंल का म्हणून? न्हाय इचारलं. आनि ती बी, माझं हाय, मी न्हाय देणार, असं म्हणली न्हाय. तिचं एक अक्षर शास्त्रात न्हाय. म्हंजे गप ऱ्हायली.

“माझं पोरगं गेलं तवा मी गॅस पेटवणं सोडलंतं. लोकं डबं आणायची, मी तसंच परत धाडायची. एक दिवस दुपारी ह्यो दारात आला. त्येच्याबरूबर खेळणारा. म्हणतोय, काकू, भूक लागलीया, काय तरी करा. असा राग आला मला. म्हणलं, ह्येला काय कळतंय का न्हाय. पर दारात आल्यालं पोरगं उपाशी कसं धाडायचं? उठले. पिठलं टाकलं, भाकरी थापली. तर म्हणतोय, एकटा कसा खाऊ. म्हणून मी बी खाल्ली. दुसऱ्या दिवशी परत आला. रोज याय लागला. मला वाटायचं, काय हावरं पोरगं हाय.

“परवा त्येच्या तोंडातनं निघालं. त्येच्या अम्मीनं त्या दिवशी घरात सैपाकच केला न्हवता. पोराला म्हणली, आज हितं काय मिळायचं न्हाय, जा, काकूकडं जाऊन माग. रोज तसंच. जेवणाच्या सुट्टीत कामावरनं दमून आल्यालं आपलं पोरगं ही बाई उपाशी भाईर काढायची. त्यो माझ्याकडं जेवला असंल एवढा येळ जाऊ द्यायची, आनि मग सोतापुरतं काय तरी शिजवून खायाची. इतकी वर्सं मी समजत होते, त्यो आपणहून आला. आपणहून न्हाय आला. तिनं दिला.

“मी देवाला लई भांडले. माझं पोरगं कुठं हाय म्हणून लई शिव्या घातल्या. पाळकसाहेबास्नी म्हाईत हाय. त्येचं उत्तर तवाच दारात येऊन उभं ऱ्हायलंतं, भूक लागलीया म्हणत. ते धाडणारी तिथं शेवटच्या बाकावर बसल्या. घरात म्हणू देत न्हाय, म्हणून हितं आणलंय. भाभी, मी जित्ती हाय ती तुझ्यामुळं हाय. झालं माझं.”

ती खाली उतरली. पुढचं गीत सुरू व्हायला हवं होतं, पण पेटी वाजवणाऱ्या ताईंना दिसतच नव्हतं, त्या चष्मा पुसत होत्या. कोणी मागं वळून बघितलं नाही, म्हणजे वळायचं धाडस झालं नाही, आणि मग एकेक करत सगळेच वळले. भाभीनं ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली होती. गोलकीपर छताच्या वाशांकडं बघत होता, जणू वरून चेंडू येणार आहे. पहिल्या बाकावर गुरुजी ताठ बसले होते आणि त्यांचे गाल ओले होते, आणि ते पुसायची त्यांनी काही तसदी घेतली नाही.

मी पाळक आहे, प्रभूच्या मरणाच्या दिवशी गंभीर राहणं माझं काम आहे. पण त्या पुलपीटशेजारी उभं राहून मला ओरडावंसं वाटत होतं. आम्ही जिंकलो, असं ओरडावंसं वाटत होतं. कोण कुणाविरुद्ध जिंकलं, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गुरुजी हरले नव्हते, अक्का जिंकायला आली नव्हती. तरी त्या तापलेल्या चर्चमध्ये काहीतरी मेलेलं होतं ते उठून बसलं होतं, आणि रविवारची वाट न पाहता. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सकाळी मी दरवर्षी ज्याबद्दल घसा कोरडा करून सांगतो, ते त्या दिवशी मी बघितलं. माझा विश्वास तेव्हापासून जरा जास्त निवांत झाला आहे.

बाकीची वचनं कशी गेली मला आठवत नाही. पाचवं वचन बोलणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच वाक्यात, खरंच तहान लागलीय, असं म्हणून पुन्हा हशा घेतला एवढं आठवतं. तीन वाजता शेवटची प्रार्थना झाली.

उत्तम शुक्रवारची आमची एक रीत आहे. उपासना संपली की कोणी कोणाशी बोलत नाही. हात जोडत नाहीत, सलाम करत नाहीत, थडग्यापाशी आल्यासारखे सगळे मुकाट्यानं आपापल्या घरी जातात. त्या दिवशीही लोक तसेच बाहेर आले. आवारात एवढी माणसं, पण आवाज फक्त चपलांचा. सगळ्यांना खूप बोलायचं होतं आणि रीत मोडायला कोणी तयार नव्हतं. अक्का पायरीपाशी उभी होती. गुरुजी तिच्याजवळून गेले, थांबले, आपली छत्री उघडून तिच्या हातात दिली आणि स्वतः उन्हातून पुढं चालू लागले.

भाभीला आमची रीत माहीत नव्हती. ती मुलाच्या दंडाला धरून एकेक पायरी उतरली, अक्कासमोर येऊन उभी राहिली, आणि त्या भरल्या, गप्प आवारात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लई बोलतीस तू. चल आता. आपल्या पोराला भूक लागली असंल.”

अक्कानं छत्री तिच्या डोक्यावर धरली. दोघी गेटकडं निघाल्या, आणि मागून तो वाकून चालणारा गोलकीपर.